मान्ताची चौकशी

"हात थरथरतोय का गं, मान्ता?" सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, फळीवर पालथ्या पडलेल्या ओट्टोने विचारलं. मान्ताचं पातं त्याच्या उघड्या पाठीवर टेकलं होतं.

"माझा नाही, मालक. तुमचीच पाठ थरथरतेय."

ओट्टो हसला. सॉनात वाकडं बोलायचं नाही, भांडण उकरायचं नाही, ही आमची फिनलंडची रीत. गावाला तुंबड्या लावणाऱ्या मान्ताने चिरा पाडल्या, तुंबडी लावली आणि हळूच विषय काढला.

तिचा पोरगा यालमारी १९१८ च्या यादवीत लालांची, म्हणजे मजूर-कुळांच्या फौजेची, घोडागाडी हाकायचा. बंदूक त्याने हातात धरलीच नव्हती. पांढरे, म्हणजे जमीनदारांच्या बाजूचे, जिंकले आणि तो किल्ल्यावरच्या कैद्यांच्या छावणीत जाऊन पडला. तिथून रोज प्रेतं निघत. त्याला सोडवायला ओट्टोच्या जमीनदार बापाचा शब्द हवा होता.

याच ओट्टोने वसंतात गावातली धरलेली माणसं वाळूच्या खाणीत उभी करून गोळ्या घातल्या. ना खटला, ना साक्षीपुरावा. पुढे जिंकणाऱ्यांना सरसकट माफी झाली. ओट्टोला तर वर पदक मिळालं. माझं अजून रक्त उसळतं.

"सांगतो बाबांना," ओट्टो म्हणाला. "पण बाहेर आल्यावर तोंड बंद ठेवेल ना तुझा पोरगा?"

"ठेवेल, मालक. मी आहे ना."

शरद लागता लागता यालमारी आला, कुंपण धरत धरत. नुसती हाडं, आणि पाय सुजून टम्म.

"आई, अंगातली थंडी जातच नाही गं."

घरी परतलेल्या माणसासाठी आम्ही जेवणाआधी सॉना तापवतो. मान्तानेही तेच केलं. बर्चची लाकडं सढळ हाताने सारली, पोराला वरच्या फळीवर बसवलं, तापल्या दगडांवर पाणी ओतलं.

"आता कसं बरं वाटतंय," तो म्हणाला आणि तिच्या खांद्यावर कलंडला. उपाशी काळजाला ती वाफ झेपली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार दारात.

"किती तापवली होती? वरच का बसवलंस? डॉक्टरला विचारलं नाहीस?"

त्या वर्षात आमच्या गावची इतकी माणसं मेली, पण चौकशी झाली ती या एका मरणाची. मान्ताने उभ्याउभ्याच सगळ्याला उत्तरं दिली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"झालं का विचारून, साहेब?" ती म्हणाली. "मग जाऊ द्या मला. त्याचं अंग पुसायचं राहिलंय."