ओनोदेरांची पाळी

हाजिमे कुरोइवांनी नखाएवढं मेमरी कार्ड पाकिटात सरकवलं, त्यासोबत एक रंगीत पोस्टकार्ड घातलं आणि पाकीट बायकोकडे ढकललं. फुमिएनं त्यावर चिकटपट्टी मारली. स्वयंपाकघरातलं टेबल पाकिटांनी इतकं भरलं होतं की मिसो सूपचं पातेलं बिचारं खुर्चीवर जाऊन बसलं होतं.

त्यांची पुतणी सात्सुकी सेंदाईहून नुकतीच येऊन पोचली होती. तिनं एक पाकीट उघडून पाहिलं आणि चेहऱ्यावरचं हसू तिथंच विरलं.

"काका, हा माझा प्रोग्रॅम आहे."

"मग! रेडिओवाल्यांच्या मेळाव्यात वाटणार आहे. सगळं झाल्यावर सांगणार होतो, तेवढ्यात तू टपकलीस."

"डिजिटल आवाज उलगडणारा भागही आहे यात?"

"त्याच्याशिवाय ऐकणार काय, कपाळ?"

सात्सुकीनं पोस्टकार्ड उलटलं. रेडिओवर गाठ पडली की हौशी लोक एकमेकांना असं कार्ड पाठवतात. त्यावर तिची कॉल साइन, म्हणजे रेडिओवर पुकारायचं सांकेतिक नाव होतं, खरं नाव होतं, घरचा पत्ताही होता.

"पत्तासुद्धा घातलात?"

"नाव-पत्त्याशिवाय द्यायला ही काय चोरी आहे?"

"चोरीच आहे हो, काका! चोरी करून दारावर पत्ता चिकटवून आलात, आणि तोही माझा."

फुमिएला हसू आवरेना. सात्सुकी मात्र मटकन खाली बसली. तो भाग एका कंपनीच्या पेटंटमधला होता. नेटवर ठेवलेल्या प्रोग्रॅममधून तिनं तो मुद्दाम वगळला होता. नवीन वर्षाला घरी आली तेव्हा काकांच्या हट्टापायी त्यांच्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर लावून दिला, तेवढाच.

"मी जिथं नोकरी करते ना, ते त्याच कंपनीच्या परवान्यावर रेडिओ बनवतात. ही पाकिटं फिरली की नोकरी गेली. वर दावा लागेल तो वेगळाच."

"मग आपणही परवाना घेऊ. आमचं रेडिओ मंडळ भरेल पैसे."

"तसंही जमत नाही. या प्रोग्रॅममधलं निम्मं काम जगभरच्या लोकांनी फुकट केलंय. त्यांची अट अशी की ज्याला द्याल त्याला आतलं सगळं उघडं करून द्या. कंपनी म्हणते, काहीही उघडं करायचं नाही. दोन सासवांच्या घरातली सून झालेय मी."

हाजिमे बराच वेळ चिकटपट्टीचं टोक नखानं शोधत राहिले.

"ओनोदेराला तरी देऊ दे," ते म्हणाले.

तर हे सगळं ओनोदेरांसाठी होतं. मंडळाची दर रविवारी सकाळी रेडिओवर हजेरी होई. हाजिमे एकेकाची कॉल साइन पुकारत, तो उत्तर देई. कुणी बोललं नाही तरी त्याच्यापुरतं थांबायचं आणि मगच पुढं जायचं, ही मंडळाची रीत. दोन वर्षांपूर्वी हाजिमेंनीच हट्टानं सगळ्यांना डिजिटल सेट घ्यायला लावले. समोरच्या बेटावर राहणाऱ्या ओनोदेरांचा हात अर्धांगवायूनंतर बारीक बटणांवर चालेना, म्हणून ते जुन्या सेटवरच राहिले. त्या सेटवर डिजिटल आवाजाची नुसती भुंग्यासारखी गुणगुण येते. तेव्हापासून दर रविवारी त्यांचं नाव पुकारलं जाई, सगळे थांबत, आणि कुणीच बोलत नसे.

"मुलानं दिलेला कॉम्प्युटर आहे त्याच्याकडे. तुझा प्रोग्रॅम लावला तर निदान ऐकेल तरी."

"एकाला दिलं काय नि शंभरांना दिलं काय, देणारी मीच ना?" सात्सुकी म्हणाली. लहानपणी तिला सोल्डर करायला ओनोदेरांनीच शिकवलं होतं. "मला द्यावंसं वाटत नाही का, काका?"

"जुन्या सेटवर काय वाईट चाललं होतं?" फुमिए पातेलं उचलत म्हणाली.

"तुला काय कळतं? आवाज काचेसारखा स्वच्छ येतो आता. पुढं गेलेला माणूस मागं येतो का कधी?"

"येतो की. चष्मा विसरला की तुम्हीच येता."

जेवणं झाली. एकेक पाकीट फोडून हाजिमेंनी मेमरी कार्डं बाहेर काढली. चेहरा असा, की मुलाच्या हातचं खेळणं काढून घेतलंय. मग फोन घेऊन ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ त्यांचा चढलेला आवाज बाहेर येत होता. कुणाशी तरी हुज्जत चालली होती. एकाशी संपली की दुसऱ्याशी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सात्सुकी चहा घेऊन आली, तेव्हा नव्या सेटवर कापड घातलेलं होतं. शेजारच्या अवजड जुन्या सेटचा दिवा पेटला होता. हाजिमे बटण फिरवत होते आणि खोलीभर खरखर पसरली होती.

त्यांनी हजेरी सुरू केली. खरखरीतून एकेकाचं उत्तर येऊ लागलं. कुणी कुरकुरत होतं, कुणी जुना सेट माळ्यावरून काढताना कंबर धरली म्हणून शिव्या घालत होतं. मग ओनोदेरांची कॉल साइन आली. हाजिमे थांबले. चहा निवत होता. फुमिए दारात येऊन उभी राहिली.

खरखर जराशी दबली.

"हाजिमे," जड जिभेनं कुणीतरी बोललं, "खोकला अजून गेला नाही का रे तुझा?"

सात्सुकीनं तोंडावर हात धरला. तिच्या प्रोग्रॅमवर त्यांना फक्त ऐकता आलं असतं.

"गेलाय. ही खरखर आहे," हाजिमे म्हणाले.

"दोन वर्षं सेट लावून बसतोय मी. नुसता भुंगा. आज तुमचं नवं यंत्र बिघडलं की काय?"

"छे! कायद्याची भानगड आहे. तुला नाही कळायची."

"बरं, बरं. चालू दे तुझं. पुढचं नाव घे."

हाजिमेंनी पुढचं नाव घेण्यासाठी बटण दाबलं, घसा साफ केला, आणि ओनोदेरांचीच कॉल साइन पुन्हा एकदा पुकारली.