कोऱ्या पानावरचा दिवस

“किती वाचलंत?”

“एक ओळ. ओळ पण नाही, अर्धी.”

“अर्धी म्हणजे किती, अप्पा?”

“आता अर्धीला काय मोजपट्टी लावू?” अप्पा चिडले. म्हणजे घाबरले होते. आमच्या बापाचं हे असंच आहे.

टेबलावर पुस्तक पडलं होतं. पुठ्ठा काढलेला, पाठ उघडी, खळ ओली.

आमचं बाइंडिंगचं दुकान. साधी पुस्तकं येतात तशी जागतीही येतात. जागत्यांचा नियम एकच. पाठ उघडी असेपर्यंत वाचायचं नाही. एखादं पान गळालेलं असेल तर त्या जागी आम्ही कोरं पान शिवतो, गिऱ्हाईक ते तसंच घेऊन जातं. पण मधेच कुणी वाचलं तर पुस्तक त्या वाचणाऱ्याचा एक दिवस त्या कोऱ्या पानावर ओढून घेतं. त्याच्या डोक्यातून तो दिवस जातो, आणि डोकं तिथे भलतंच काहीतरी चिकटवून मोकळं होतं. म्हणून पानांचा क्रम लावताना अप्पा पुस्तक उलटं धरतात. अक्षरं दिसतात, वाचली जात नाहीत. जन्मभर असंच केलं. हल्ली मोतीबिंदूमुळे उलट्या पानांचा क्रम लागेना, म्हणून क्षणभर सुलटं केलं. झालं.

कोऱ्या पानाच्या कडेने पुसट शाई वर येत होती. मी झटकन मान फिरवली. वाचलं असतं तर माझाही एक गेला असता.

“खळ सुकायच्या आत पान उपटलं तर दिवस परत येतो ना?”

“येतो. आणि पुस्तक मरतं.”

“मरू दे.”

“ड्रायव्हरबाईंचं आहे रे.”

बाई बस चालवतात. त्यांची मुलगी बोलत नाही. हे पुस्तक मांडीवर असलं तरच तिला शब्द फुटतात. ते आमच्याकडे दिल्यापासून पोर खिडकीत गप्प बसून आहे, असं बाई सांगून गेल्या होत्या.

“आधी बघू तरी कुठला दिवस गेलाय. फालतू असेल तर राहू दे.” मी पंखा बंद केला, खळ उशिरा सुकावी म्हणून. “लग्न आठवतंय?”

“तुझा मामा माझे बूट घालून निघून गेला. अजून दिले नाहीत.”

“माझा जन्म?”

“नर्स विचारत होती, रडतंय कोण, बाळ की बाप?”

“दुकान उघडलं तो दिवस? ताईला नोकरी लागली तो?”

सगळे जागच्या जागी होते. मला हायसं वाटायला लागलं. एखादा रिकामा रविवार गेला असणार. सहज विचारलं, “आणि आई गेली तो?”

“हो. दुकानातच होतो. दवाखान्यातून फोन आला.”

“फोन मला आला होता, अप्पा. तुम्ही केला होता. तुम्ही सकाळपासून तिच्याजवळ होता.”

“मी होतो?”

“दिवसभर.”

“तू पाहिलंस?”

“मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तिचा हात तुमच्या हातात होता.”

अप्पांनी आपल्या हाताकडे पाहिलं. “काही बोलली का ती?”

मला काय माहीत! त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

मी खळीला बोट लावलं. कडेला धरत आली होती. “सरका बाजूला. उपटतो.”

अप्पांनी पुस्तकावर तळहात ठेवला. “गिऱ्हाईकाचं आहे.”

“तो आईचा दिवस आहे, अप्पा!”

“आणि ती पोरगी? मला निदान सांगायला तू आहेस, की मी तिथे होतो.”

मी ओरडलो. मग हात जोडले. मग त्यांचं मनगट धरून ओढलं. पुठ्ठे दाबून दाबून घट्ट झालेला हात तो, हलला नाही. खळ सुकेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरबाई मुलीला घेऊन आल्या. पुठ्ठा चढला होता, आता वाचायला भीती नव्हती.

“मधलं पान कोरंच राहिलं का हो?”

“नाही. भरलं,” अप्पा म्हणाले. “वाच गं बाळा. जरा मोठ्याने वाच.”

मुलीने पुस्तक मांडीवर घेतलं. घसा खाकरला. आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला.

“तो संत्रं सोलत होता. ती म्हणाली, सगळे दोरे काढा हं, मला काही घाई नाही. तो म्हणाला, तुला घाई होती कधी? तुझ्यापायी किती बस चुकल्यात माझ्या. ती हसली. हसताना दुखलं तिला. त्याने एक फोड तिच्या ओठांशी नेली.”

बाईंनी तोंडाला पदर लावला. लेकीच्या आवाजासाठी. बाकी त्यांना काही ठाऊक नव्हतं.

अप्पा काउंटरवर वाकून ऐकत होते, शेजारच्या घरातली खबर ऐकावी तसे.

“खाल्ली का तिने?”

मुलीने पान उलटलं. पुढे पुस्तकाची स्वतःची जुनी गोष्ट, कुठल्याशा दीपगृहातली. ती परत मागे आली, बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

“लिहिलं नाहीये, आजोबा.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

“असू दे,” ते म्हणाले. मग बाईंकडे वळले. “दोन दिवस उन्हात ठेवू नका हं. पाठ अजून कोवळी आहे.”