काट्यावर राहिलेली वेळ

मी एक जुने, चावीचे स्टॉपवॉच आहे. तरणतलावाच्या कार्यालयात लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, फुटक्या शिट्ट्या आणि तुटलेल्या गॉगलच्या पट्ट्यांमध्ये माझा मुक्काम आहे. मित्रांनो, माझा काटा तुम्हाला शून्यावर दिसणार नाही. तो बेचाळीस सेकंदांच्या पुढे, दुसऱ्या बारीक रेषेवर उभा आहे. ती वेळ खरी नाही. तरीही ती तिथून कुणी पुसली नाही.

ज्या वयस्क कारागिराने चिमट्याने माझ्यात स्प्रिंग बसवली, त्याने मला कानाशी धरले आणि शेजाऱ्याला म्हटले, "हे खोटं बोलायचं नाही." ते वाक्य मी आयुष्यभर दागिन्यासारखे जपले.

तलावावरच्या सरांनी माझी फार निगा राखली. रोज सकाळी चावी द्यायची, कोरड्या रुमालाने काच पुसायची, ओल्या हाताने कुणाला शिवू द्यायचे नाही. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक लेनच्या टोकाला एक पालक घड्याळ घेऊन उभा राही आणि चिठ्ठीवर वेळ लिहून देई. त्या चिठ्ठ्यांवरूनच निकाल लागे. सरांचा दंडक एकच होता : आपल्या मुलाच्या लेनवर आपण उभे राहायचे नाही. त्यामुळे आई-बाप दुसऱ्याच्या मुलाकडे डोळ्यांत तेल घालून पाहत. कुणाचेही मूल भिंतीला टेकले, की मला धरलेल्या तळहाताची ऊब एकदम वाढे. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे गॅलरीतले आवाज बदलले. "हात मार! झोपलीस का पाण्यात?" "पाय कुठे गेले तुझे? घरी विसरलास?" "दुसरा आलास तर चालत ये घरी!" लोक हसत. पाण्यातल्या मुलांना शब्द कळत नसत. पण श्वासासाठी मान वळवताच त्यांना आपल्या माणसांचे चेहरे दिसत. मला वाटते, तेवढे पुरे होते.

त्याच सुमारास एका वायरमनने सरांकडून मला रोज सकाळपुरते मागून घ्यायला सुरुवात केली. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीला सगळे बेडकी म्हणत. तिच्याच वयाची, नर्सबाईंची मुलगी काडी तिची जिवलग मैत्रीण होती. दोघी एकदम निघत. जी आधी भिंत गाठी ती "टेकले!" म्हणून ओरडे आणि दुसरीच्या तोंडावर पाणी उडवी. वायरमनला त्या खेळाचे कौतुक नव्हते. तो वर्षभर रोज सकाळी काठावर ओणवा होऊन बेडकीचा हात भिंतीला लागण्याची वाट पाही. तो लागला, की त्याचा अंगठा माझ्यावर पडे. त्या अंगठ्याला दुसरे काही शिकवलेच नव्हते.

शहराच्या संघात दोघींपैकी एकीचीच निवड व्हायची होती. अंतिम शर्यतीला काडी चौथ्या लेनमध्ये, बेडकी पाचव्या. ऐन वेळी चौथ्या लेनचा माणूस आला नाही. सरांनी नाइलाजाने मला वायरमनच्या हाती दिले.

"नजर चारवर. पाचवर मान वळवायची नाही, कळलं?"

"सर, एवढाही विश्वास नाही होय?" तो हसला. त्याच्या तळहाताला घाम सुटला होता.

शिट्टी झाली. शेवटच्या टप्प्यात काडी वीतभर पुढे होती. तिने भिंत गाठली. माझा काटा धावतच राहिला. मग बेडकी टेकली आणि अंगठा पडला.

चिठ्ठीवर माझा आकडा उतरला. पाचव्या लेनच्या घड्याळात एक रेषा कमी होती. बेडकी पहिली आली.

तो अपराध नव्हता, मित्रांनो. सवयीने आणि मायेने झालेली चूक होती. एका वाक्यात ती निस्तरली असती.

बेडकीच ओल्या अंगाने बापाजवळ आली. "बाबा, काडी आधी टेकली. मी पाहिलं."

"गप्प बस. जा, अंग पूस."

नर्सबाई ड्यूटीच्या कपड्यांतच गॅलरीतून खाली येऊन निकालावर हरकत घेत होत्या. सरांनी वायरमनला विचारले, "बटण वेळेवर दाबलंस ना? एकदाच विचारतो."

मी त्याच्या मुठीत होते, त्याची नाडी मला लागत होती. "वेळेवरच दाबलं, सर. फार तर घड्याळ जुनं आहे, अडकलं असेल."

"मग दोघींना तासाभराने पुन्हा पोहू दे."

काडीने लगेच टोपी डोक्यावर ओढली. बेडकीने तिच्याकडे पाहून मान हलवली. पण गॅलरीतून कुणी ओरडले, "हरल्यावर बरी रडारड सुचते!" नर्सबाईंचा चेहरा काळवंडला. त्यांनी काडीचा दंड धरला. "आम्हाला भीक नको." आणि जाता जाता, बापाला नव्हे, त्या दहा वर्षांच्या पोरीला त्या म्हणाल्या, "बापाच्या अंगठ्यावर जिंकलीस गं!"

टाळ्या वाजल्या. शिट्ट्याही वाजल्या.

काडी पुन्हा तलावावर आली नाही. बेडकीने निवडीच्या पत्राकडे पाहिलेही नाही. कान दुखतो म्हणाली. महिनाभर तिचा कान दुखत राहिला, मग बापाने विचारणे सोडले. सरांनी नवी घड्याळे आणली आणि मला न पुसताच या खणात ठेवले. वायरमन एकदा कार्यालयाचा दिवा दुरुस्त करायला आला होता. सर बाहेर होते. त्याने खण उघडला, माझ्या काचेवरचा आकडा बराच वेळ पाहिला. त्याचा अंगठा बटणावर आला. दाबला असता, तर काटा शून्यावर गेला असता. सरांना हाक मारली असती, तर त्याहून बरे झाले असते. त्याने दोन्ही केले नाही. खण हळूच लोटला.

भिंतीपलीकडून अजून आवाज येतात : "हात मार! झोपलीस का?" "टेकले!" मात्र ऐकू येत नाही.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही कुणाच्या तरी शर्यतीच्या काठावर उभे राहाल. तेव्हा माझ्यासारख्याला कोरड्या हाताने धरा, आणि चुकलात तर पोरांच्या देखत चुकलो म्हणा. ते ऐकेन अशी आशा मला उरलेली नाही. माझ्या स्प्रिंगमध्ये त्या दिवशीची थोडी चावी मात्र अजून शिल्लक आहे.