माझी सैल चेन आणि काचेवरची चिठ्ठी

मी एका जुन्या गाडीचं इंजिन बोलतोय. गोड बोलणं मला जमत नाही. माझ्या पोटातली चेन सैल झाली आहे आणि त्यात माझा काडीचाही दोष नाही.

ही टायमिंगची चेन. खालचं दातेरी चाक आणि वरचं दातेरी चाक हिनं एकत्र बांधलेलं. दोन्ही एका तालात फिरली की मी धावतो. हिनं दात सोडला की आतले भाग एकमेकांवर आपटतात, मग मी भंगारात. झालं, एवढंच शास्त्र.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवण सुरू होते ती बाईंपासून. बाई कपडे शिवायच्या आणि गिऱ्हाइकांच्या घरी मापं घ्यायला मला घेऊन जायच्या. सकाळी चावी फिरवली की लगेच निघायच्या नाहीत. हात स्टिअरिंगवर ठेवून मोजायच्या, "एक, दोन, तीन, चार." तेवढ्यात तेल वर चढून चेनपर्यंत पोचायचं.

शेजारी बसलेला नवरा कुरकुरायचा, "निघ की आता! त्याला चहा पाजतेस का?"

"तुम्हाला उठल्या उठल्या कोणी पळायला लावलं तर?"

"पळतोच की रोज, तुझ्या धाकानं."

मला हसू यायचं. पण इंजिन हसलं की लोक म्हणतात बिघडलं, म्हणून गप्प राहायचो.

तेल बदललं की पुढचं तेल किती किलोमीटरवर बदलायचं, तो आकडा बाई शिवणाच्या कागदावर निळ्या पेन्सिलीनं लिहायच्या आणि काचेच्या कोपऱ्यात चिकटवायच्या. शेवटची चिठ्ठी अजून तिथेच आहे. 'चौऱ्याऐंशी हजार. विसरू नका.' त्यानंतर बाई आजारी पडल्या आणि गेल्या.

आता मी एक लाख दोन हजारांवर आहे. त्या चिठ्ठीनंतर तेल बदललेलं नाही.

बाईंचा नवरा आता म्हातारा झालाय. म्हातारा मला वापरतो, पुसतो, आणि बाईंच्या सीटवर पिशवीसुद्धा ठेवत नाही. सगळं करतो, तेल सोडून. जळून डांबर झालेल्या तेलात चेन झिजत गेली. सकाळी गार असताना मी खडखडायला लागलो. पण ओरडणार कोणासाठी? म्हाताऱ्याला कानाशी मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नाही. शेवटी शेजारीण त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, तुमची गाडी रोज सकाळी खिळे चावते हो!"

मग आम्ही मेस्त्रीकडे गेलो. गार इंजिन पळवायचं नाही, ही बाईंची शिकवण. म्हणून म्हाताऱ्यानं आधी मला घरीच दहा मिनिटं तापवलं. तापलं की मी शहाण्यासारखा चालतो. मेस्त्री म्हणाला, "काही आवाज नाही, काका." तीन वेळा असंच. चौथ्यांदा तो म्हणाला, "गाडी इथेच ठेवून जा. सकाळी गार असताना मी स्वतः चालू करतो."

"एकटी राहील ती इथे?"

"मग तुम्हीपण राहा तिच्या सोबतीला!"

सकाळी म्हाताऱ्यासमोर मेस्त्रीनं चावी फिरवली आणि मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो. त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला टेकवलं, दांडा कानाला लावला. मग मला बंद करून वरचं झाकण काढलं आणि बोटानं चेन दाबली. ती लगेच आत दबली.

"आणखी आठ दिवस चालवली असती तर इंजिन गेलंच होतं. तेल का नाही बदललंत, काका?"

म्हातारा काचेकडे बघत राहिला. "तेल बदललं की तू नवी चिठ्ठी लावणार. ही काढणार."

मेस्त्रीनं हात पुसले, वाकून चिठ्ठी वाचली. मग म्हणाला, "खाली जागा आहे की. तुम्हीच लिहा."

म्हाताऱ्यानं पेन मागून घेतलं. बाईंच्या आकड्याखाली वेड्यावाकड्या अक्षरांत नवा आकडा लिहिला. चिठ्ठी जागची हलली नाही.

आता मी झाकण काढून पडलोय. जुनी चेन शेजारच्या ताटलीत, नवीची वाट बघतोय. माझ्या मॉडेलची मिळते की नाही, देव जाणे. मिळाली तर, म्हाताऱ्या, सकाळी चावी फिरवल्यावर एवढंच कर. चारपर्यंत मोज. बाईंसारखं जमणार नाही, माहीत आहे. तुझ्याच घोगऱ्या आवाजात मोज, पण मोठ्यानं. तुला नीट ऐकू येत नसलं तरी मला येतं.