जड तेवढी भर

देव अक्कल वाटत होता तेव्हा माझा दादा बहुतेक झोपला होता. डुकरांचा फार्म त्याचा, रक्त तपासून जोड्या लावायचं काम माझं, आणि तोंड मात्र कायम त्याचंच चालू.

आमच्याकडे डुकरांचे दोन वाण. ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल कमी ती 'हलकी', ज्यांच्या रक्तात जास्त ती 'जड'. वजनाशी या नावांचा काडीचा संबंध नाही. पिढ्यान्‌पिढ्या मी कमी कोलेस्टेरॉलवाली निवडत आले. रक्तातलं प्रमाण उतरत गेलं, पण त्याबरोबर पिल्लांची वाढही खुंटली. दादाच्या हातात आयतं कोलीत. जेवताना, वहिनीसमोर, पाहुण्यांदेखत एकच विचारणं, ही मरतुकडी कधी काढतेस? शेवटी बजावलंच त्याने, या खेपेला वाढली नाहीत तर हा वाण बंद.

मीही हट्टाला पेटले. वाढत्या जिवाला कोलेस्टेरॉल लागतं, आणि यांच्या अंगात ते पुरेसं तयार होत नसावं. मग वरून द्यायचं. पिल्लांच्या दुधात मी अंड्याच्या बलकाची पावडर कालवायला लागले. दादा म्हणाला, डुकरांना अंडी चार, आम्ही बसतो चणे खात. पण पिल्लं अशी भरली की मोठी झाल्यावर शेजारच्या कप्प्यातली 'जड' त्यांच्यापुढे किडकिडीत दिसायला लागली. पुढची पिढी यांच्यापासूनच वाढवायची म्हणून मी ती राखून ठेवली. दादाची बोलती बंद झाली. काळजाला काय गारवा मिळाला म्हणून सांगू.

मग एक दिवस मी रक्ताचे नमुने पोचवायला गेले असताना कत्तलखान्याची गाडी आली. ड्रायव्हर नवा. दादाने खुर्चीतून उठायचेही कष्ट घेतले नाहीत. फोनवरच सांगितलं, "जड तेवढी भर, हलकी राहू दे."

त्या बापड्याला आमची घरची भाषा काय माहीत? त्याने प्रत्येक डुक्कर काट्यावर चढवलं आणि वजनाला जड तेवढी भरली. माझीच, एकूण एक.

मी परतले तर कप्पा रिकामा. दादाला विचारलं, तर आधी तो हसला. मग माझा चेहरा बघून गाडीची किल्ली घेतली. वाटभर मी त्याचा उद्धार केला आणि त्याने तो मुकाट ऐकला.

कत्तलखान्याच्या फाटकात तिथल्या डॉक्टरने अडवलं. जनावरं जिवंत आहेत, उद्या कापतील, पण रोगराई पसरू नये म्हणून एकदा आत आलेलं जनावर बाहेर सोडत नाहीत, असं त्याने सांगितलं. मी हात जोडले. दादानेही जोडले. डॉक्टर बधला नाही.

माझा आवाज ऐकून फाटकालगतच्या कप्प्यातली माझी डुकरं उठली. सगळी धावत आली आणि जाळीतून नाकं बाहेर काढून उभी राहिली. त्यांना वाटलं, मी खायला घेऊन आले.

"चल घरी," दादा हळू आवाजात म्हणाला. "पुन्हा सुरू करू."

"कशातून? यांच्या आया तू कधीच विकून टाकल्यास."

मी जाळीपाशी खाली बसले.

"तू जा," मी म्हटलं. "मला तुझं तोंड बघायचं नाही."