पुसून टाकलेलं उत्तर

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पांढरा म्हणायची पद्धत आहे म्हणून पांढरा. नाहीतर इतक्या जणांच्या निळ्या-काळ्या रेघा अंगात मुरल्यात, की मीच मला ओळखत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, शाळेत जाऊ, मुलं चित्रं काढतील. कसलं काय! मला ठोकलं एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीच्या खोलीत. इथली रीतच उफराटी. कॉम्प्युटरवर काम करायची नोकरी, पण ती हवी असेल तर माझ्यावर हाताने प्रोग्रॅम लिहून दाखवायचा. पोहण्याची परीक्षा जमिनीवर! सुरुवातीला माझं कौतुक होतं, रोज ओल्या फडक्याने पुसायचे. आता मार्करमध्ये धड शाई नाही, डस्टर कुठे गेलं देव जाणे, आणि लोक मला तळहाताने पुसतात. तेही मी सोसलं असतं. पण परवा जे झालं, त्याने माझं डोकंच फिरलंय.

परवा एक बाई आल्या. मुलगी लहान म्हणून काही वर्षं घरी होत्या, आता पुन्हा कामाला लागायचं होतं. खोलीत वाट बघताना फोनवर आईला म्हणाल्या, "सगळीकडून नकारच येतोय गं. इथेही नाही झालं तर नाद सोडते मी."

तेवढ्यात आमचे साहेब आले. खुर्च्या आणि मी त्यांना नक्कीसाहेब म्हणतो. उत्तर बरोबर असो की चूक, "नक्की?" हा त्यांचा ठरलेला शब्द. त्यांनी प्रश्न टाकला, मोठ्या यादीत दोनदा आलेलं नाव झटपट कसं शोधाल? आणि लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं.

बाई लिहू लागल्या. वाचलेलं प्रत्येक नाव बाजूला नोंदवत जायचं आणि पुढचं नाव त्या नोंदीत आधीच आहे का ते बघायचं, म्हणजे यादी एकदाच वाचून काम भागतं. बरोबर! अगदी बरोबर! इतकी वर्षं हाच प्रश्न अंगावर घेतोय, मला उत्तर तोंडपाठ आहे.

"झालं, सर."

साहेब कुणाला तरी मेल लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "हं... नक्की?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "थांबा हं, चुकलं वाटतं," म्हणत त्यांनी हात उचलला. अहो बाई, नका! मी आतल्या आत ओरडलो, पण मला तोंड कुठे आहे? सगळं उत्तर त्यांच्या तळहाताला लागलं. मग जे लिहिलं त्यात त्या गुंतत गेल्या, आणि वेळ संपली. साहेबांनी तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिलं.

त्या गेल्यावर सहकाऱ्याला म्हणाले, "पायाच कच्चा आहे हो."

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा, असं मी सांगणार नाही. पण उद्या माझ्यापुढे उभे राहाल आणि कुणी "नक्की?" म्हणेल, तेव्हा हात खाली ठेवा. आणि शांतपणे विचारा, "सर, तुम्ही वाचलंत का?"