शेवटच्या बाकावरून

"बाबा, देवाला 'हे प्रेमळ पित्या' आणि आत्याला 'भोंगा', हे एकाच तोंडानं कसं जमतं हो तुम्हाला?"

हा प्रश्न विचारून दाखवायची पैज चर्चच्या गायकवृंदातल्या मैत्रिणींनी लावली होती. मी तो भर जेवणात विचारला. आईचा वाढता हात तसाच थांबला.

गायकवृंदाला बाबाच शिकवतात. मागच्या महिन्यात आत्याचा सूर घसरला, तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, तू म्हणजे फुटका भोंगा. जा, मागे बस." सगळे खो खो हसले. तेव्हापासून आत्या शेवटच्या बाकावर एकटी बसते आणि गाणं सुरू झालं की ओठसुद्धा हलवत नाही.

"गंमत केली गं. सूर चुकला तर सांगायचं नाही का?" बाबा म्हणाले.

"सांगा ना! 'ताई, सूर चुकला' असं सांगा. भोंगा कशाला?"

"शिंगं फुटलीत हिला," आई म्हणाली. "मोठ्यांशी असं बोलतात?"

"आवाज तरी चढवला का मी? अहो-जाहोच करतेय की! आणि नीट बोला, हे येशूनं फक्त लहानांनाच सांगितलंय होय?"

बाबांनी घास खाली ठेवला. "रविवारी तुझं एकटीचं कडवं आहे. त्याकडे लक्ष दे."

त्या कडव्यासाठी मी वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. तरी माघार घेतली नाही.

"गाईन की, बाबा. पण शेवटच्या बाकावरून, आत्याच्या शेजारून. तुम्ही सगळ्यांसमोर तिची माफी मागेपर्यंत माझी जागा तिथेच. आणि तिलाही गायला लावणार. तिचा सूर घसरला, तर मीही तिच्याबरोबर घसरणार."